पावती अर्धीच का उमटते?
सीरियल प्रिंटरच्या दोषांची उकल

खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला संगणकाच्या अंतरंगाशी कर्तव्य नसते. भरलेल्या रकमेची स्वच्छ पावती हाती पडावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. पावतीवरील आकडे गळाले, तर डेटाबेसमधील नोंद कितीही बिनचूक असली तरी त्याचा विश्वास डळमळतो. म्हणूनच लिनक्स प्रणालीला जोडलेला प्रिंटर वारंवार दगा देऊ लागल्यास दोषाचा शोध क्रमाक्रमाने घेणे अगत्याचे ठरते.

वेगाचा मेळ

कार्बन प्रती हव्या असतील तेथे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आजही उपयोगी पडतो. तो ‘आरएस-२३२’ या १९६० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार सीरियल केबलने जोडता येतो. या पद्धतीत एकेक बिट एकामागून एक जातो. प्रत्येक अक्षराचे ८ बिट आणि आरंभ व समाप्तीचा प्रत्येकी १, असे सर्वसाधारणपणे १० बिट लागतात. साहजिकच ९६०० बिटांच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. उलट, सेकंदाला २०० ते ३०० अक्षरे छापणाऱ्या यंत्राला हा ओघ झेपत नाही. त्याची तात्पुरती साठवण भरली, की ‘थांबा’ असा संकेत संगणकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. तो न पोहोचल्यास पुढची अक्षरे वाया जातात. लहान पावती नीट उमटते आणि लांब अहवालात मात्र मजकूर गळतो, हे या दोषाचे ठळक लक्षण होय.

हा संकेत दोन प्रकारे देता येतो: केबलमधील स्वतंत्र तारेने, किंवा १९ (थांबा) व १७ (चालू करा) या क्रमांकांच्या चिन्हांनी. दोन्ही टोकांना एकच प्रकार निवडलेला असावा. अनेक प्रिंटर ‘डीटीआर’ तारेवर संकेत देतात, तर संगणक ‘सीटीएस’ तारेकडे पाहतो. केबलमध्ये या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर इतर सारे ठीक असूनही गळती सुरूच राहते.

देवनागरीचा भार

मराठी मजकूर चित्ररूपाने छापावयाचा झाल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. २४ सुयांच्या प्रिंटरवर इंचाला १८० ठिपके धरले, तर ८ इंच रुंदीच्या एका फेरीसाठी ४,३२० बाइट लागतात. ९६०० च्या वेगाने त्यालाच साडेचार सेकंद जातात. शिवाय मधला एखादा बाइट हरवला, तर पुढचा मजकूर चित्राचा भाग समजला जातो आणि पानभर निरर्थक खुणा उमटतात. अशा कामासाठी ८ बिटांची मांडणी अनिवार्य आहे.

तपासणीचा क्रम

प्रथम प्रिंटरची स्वयंचाचणी घ्यावी. ती नीट उमटल्यास छपाईची रांग थांबवून काही ओळी थेट पोर्टवर पाठवाव्यात. येथे मजकूर बिघडल्यास केबल, वेग व पॅरिटी तपासावी. ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत असतील, तर केवळ ओळ बदलण्याचे चिन्ह जात असून डाव्या कडेला परतण्याचे चिन्ह जात नाही, असे समजावे. त्याच पोर्टवर लॉगिनची सेवा चालू असल्यास ती बंद करावी. त्यानंतर रांगेमार्फत आणि अखेरीस डेटाबेसमधून छपाई करून पाहावी. ज्या पायरीवर बिघाड दिसेल, तेथेच त्याचे मूळ असते. हाताने केलेली पोर्टची मांडणी संगणक पुन्हा सुरू होताच पुसली जाते. म्हणून ती कायमस्वरूपी नोंदवावी. दुरुस्त केलेला दोष दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उद्भवण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

नोंद आधी, कागद नंतर

प्रिंटर अडला म्हणून रकमेची नोंद अडता कामा नये. व्यवहार डेटाबेसमध्ये पक्का झाल्यानंतरच पावती रांगेत जावी. कारण रांगेने मजकूर स्वीकारला, म्हणजे तो कागदावर उमटला असे नव्हे. पावती खराब निघाल्यास नवा व्यवहार न करता त्याच क्रमांकाची पावती ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का छापून द्यावी. असे केल्यास एकाच भरण्याच्या दोन नोंदी होत नाहीत.

केबलमधील एका तारेची चूक क्षुल्लक भासते खरी. परंतु पैसे भरल्याचा पुरावा म्हणून तो कागद जपून ठेवणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने ती क्षुल्लक नसते.