गोंडाइटातील गार्नेटाची साक्ष

मुळशीचा बेसाल्ट सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनला. त्याचे प्रादेशिक रूपांतरण झालेले नाही. म्हणून मँगॅनीजयुक्त रूपांतरित खडकांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या विद्यार्थ्यास नागपूर-भंडाऱ्याकडे वळावे लागते. तेथील सौसर समूहात मँगॅनीजयुक्त गाळापासून स्पेसार्टीन गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांचा गोंडाइट बनला. गोंड लोकांवरून नाव पडलेल्या या खडकाचे सविस्तर वर्णन फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केले.

मात्र गार्नेट दिसताच उच्च तापमान गृहीत धरणे युक्त नव्हे. स्पेसार्टीन हे लोहप्रधान गार्नेटापेक्षा कमी तापमानासही निर्माण होते. शिवाय ऑक्सिजन मुबलक असता ब्राउनाइट, तर तो अल्प असता ऱ्होडोनाइट बनण्यास अनुकूलता लाभते. यास्तव रूपांतरणाची तीव्रता ठरविताना एकट्या खनिजाऐवजी सहवर्ती खनिजांचा समुच्चयच प्रमाण मानावा.