बर्फावरचा पिछाडीचा गडी

बर्फावरील हॉकींत पिछाडीच्या गड्याचें काम द्वारपालाचें; त्यानें जागा सोडूं नये, असा संकेत. कॅनडांतील पॅरी साउंड गांवीं १९४८ सालीं जन्मलेल्या बॉबी ऑरनें तो मोडला. अठराव्या वर्षीं बोस्टनच्या संघांत आलेला हा तरुण चकती हिरावून थेट प्रतिपक्षाच्या गोलावर चालून जाई, आणि उलट हल्ला येण्यापूर्वीं जागेवर हजर! १९६९-७० सालीं गोल व साहाय्य मिळून १२० गुणांनीं तो नॅशनल हॉकी लीगमध्यें पहिला आला. पिछाडीच्या गड्यास हा मान पूर्वीं कधींच लाभला नव्हता. मोल मात्र डाव्या गुडघ्यानें दिलें. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. पुढें शिकागोकडून अवघे २६ सामने खेळून १९७८ सालीं, ऐन तिशींत, तो निवृत्त झाला. खेळल्यावांचून वेतन कसलें, म्हणून शिकागोचे चेक त्यानें वटविलेच नाहींत.