मुका भोंगा

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव तेथील पुरातन बावडीसाठी प्रसिद्ध आहे. बावडीचे पाणी शांत असते. त्याच जिल्ह्यातून वाहणाऱ्या वैनगंगेचे मात्र तसे नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिला महापूर आला, तेव्हा बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंत अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा प्रसंगी होडीच्या मागील फळीला बसविलेल्या आउटबोर्ड मोटरीवर सर्वांचे प्राण अवलंबून असतात. ती भर धारेत तापून अडकली, तर वल्ह्यांचे बळ पुरे पडत नाही.

या मोटरीला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ती चालते, तेच पाणी तिला थंड ठेवते. तिच्या बुडालेल्या भागातील रबरी पात्यांचा लहानसा पंप ते पाणी वर सिलिंडरभोवती चढवितो. पुराचा पालापाचोळा वा प्लॅस्टिकची पिशवी पाण्याच्या तोंडावर बसली, किंवा जुनी पाती कडक होऊन तुटली, की हा ओघ थांबतो. मग थोड्याच वेळात दट्ट्या सिलिंडरमध्ये जखडून बसतो.

हे संकट आधी कळावे म्हणून अनेक जुन्या मोठ्या मोटरींत सिलिंडरच्या माथ्यावर उष्णतेने चालणारा एक स्विच असतो. एरवी तो उघडा राहतो. उष्णता फार वाढली की तो जुळतो, वीजप्रवाह सुरू होतो आणि भोंगा वाजू लागतो.

परंतु फसगत येथेच होते. मोटर थंड असता भोंगा वाजत नाही. आणि तार तुटली असली, जोड गंजला असला, तरीही तो वाजत नाही. दोन्ही वेळची शांतता कानाला सारखीच!

म्हणून पावसाळ्यापूर्वी परीक्षा घ्यावी. मोटर सुरू न करता केवळ किल्ली फिरवावी आणि स्विचकडे जाणारी तार सोडवून तिचे टोक मोटरीच्या उघड्या धातूला टेकवावे. भोंगा वाजला तर तार व भोंगा शाबूत आहेत असे समजावे. स्विचची पारख जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी. दोरी ओढून सुरू होणाऱ्या कित्येक लहान मोटरींना भोंगाच नसतो. तेथे मोटरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर नावाड्याने नजर ठेवावी.

भोंगा वाजला किंवा धार आटली, तर वेग तत्काळ उतरवावा, होडी काठाला लावावी वा नांगरावी, मोटर बंद करावी आणि पाण्याचे तोंड साफ करावे. भोंगा वाजला नाही, एवढ्यावरून मात्र कोणीही निर्धास्त राहू नये.