प्रोसेसरचे अंश कोठून मोजावेत?

सुरत शहराच्या आग्नेय बाजूला असलेल्या डिंडोलीत आणि तिच्या शेजारच्या लिंबायत-उधना पट्ट्यात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असून, आधीच्या पिढीचा कापडधंद्याशी जडलेला संबंध पुढच्या पिढीत अनेक ठिकाणी संगणकापर्यंत येऊन पोहोचला आहे. भरतकामाच्या यंत्राला टाके कोणत्या क्रमाने घालायचे हे सांगणारी फाइल तयार करणे, ज्याला या धंद्यात पंचिंग म्हणतात, किंवा छपाईच्या साडीची नक्षी काठ-पदरासह बसवणे, ही कामे तासन्‌तास चालतात आणि उन्हाळ्यात संगणक मंदावला की पहिला संशय व्हायरसवर, दुसरा विंडोजवर आणि फॉरमॅट मारूनही फरक पडला नाही की तिसरा तापमानावर जातो. हा तिसरा संशय पुष्कळदा खरा असतो; मात्र त्यामागची समजूत बहुधा चुकीची असते, कारण यंत्राचे तापमान माणसाच्या शरीराच्या नियमांनी वाचले जाते.

सर्वांत रुळलेला गैरसमज तापाचा आहे. माणसाचे शरीर आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास स्वतः राखते, त्यामुळे थर्मामीटरवरचा ३९ हा आकडा ऋतू कोणताही असला तरी आजारच दाखवतो. प्रोसेसरला मात्र राखायचे असे कोणतेही ठरलेले तापमान नसते, त्याला फक्त वरची मर्यादा असते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांसाठी ती ९५ अंश असून, त्यांतील अधिक शक्तीचे प्रोसेसर पूर्ण भार पडल्यावर त्या मर्यादेपर्यंत जाऊन तेथेच टिकून राहतील अशीच त्यांची रचना आहे. म्हणून भर कामात दिसणारे ८० अंश हा ताप नव्हे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपली गती आणि व्होल्टेज उतरवून उष्णतेची निर्मिती कमी करतो, या क्रियेला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र स्वतःहून बंद होते. जळून जाण्याची भीती निराधार नव्हती, पण ती जुन्या काळातली आहे: २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने चालू प्रोसेसरांवरून थंड करणारा धातूचा ठोकळा काढून दाखवला, तेव्हा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. आता स्वसंरक्षणाची ही सोय सर्वत्र असते, त्यामुळे दोष धुराच्या रूपाने नव्हे, मंदपणाच्या रूपाने प्रकट होतो आणि म्हणूनच त्याचे खापर व्हायरसवर फुटते.

आकडा येतो कोठून, हे समजले की आणखी काही गोंधळ निवळतात. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच सूक्ष्म संवेदक बसवलेले असतात, आणि इंटेलच्या रचनेत हे संवेदक शून्यापासून वर मोजत नाहीत, तर कमाल मर्यादेपासून तापमान किती अंश खाली आहे एवढेच कळवतात; कोअर टेंप किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखा प्रोग्रॅम ते अंतर मर्यादेतून वजा करून पडद्यावरचा आकडा तयार करतो. हे संवेदक मर्यादेच्या जवळ अधिक अचूक आणि तिच्यापासून दूर, म्हणजे यंत्र निवांत असताना, बरेच सैल असतात. खोलीत ३४ अंश असताना प्रोसेसरच्या एखाद्या गाभ्याचे, म्हणजे कोअरचे, तापमान २७ दिसले तर मालकाने पंख्याचे कौतुक करण्याचे कारण नाही, कारण हवेवर चालणारी कोणतीही शीतन-व्यवस्था प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो आकडा संवेदकाच्या त्रुटीचा आहे. उलट दिशेचे उदाहरण २०१७ चे आहे: रायझनच्या पहिल्या पिढीतील १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्यांच्या नियंत्रणासाठी खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा कळवत होते, आणि ही मिळवणी ठाऊक नसलेले ग्राहक चांगले यंत्र सदोष समजत होते. बायोसच्या पडद्यावर निवांत यंत्राचे तापमान विंडोजमधल्यापेक्षा जास्त दिसते, तेही बिघाडाचे लक्षण नसते. बायोसमध्ये वीज वाचवणाऱ्या विश्रांतीच्या अवस्था सहसा वापरात नसतात एवढेच.

शरीरावरून काढलेला दुसरा निष्कर्ष दमटपणाविषयीचा आहे आणि तो सुरतेत विशेष ऐकू येतो. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना उन्हाळा दोन प्रकारचा असतो: जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात कमाल तापमान सरासरीने ४२ अंशांच्या आसपास असते आणि पारा अधूनमधून ४५ ओलांडतो, पण हवा कोरडी असते, तर समुद्राजवळच्या सुरतेत मे महिन्याची कमाल सरासरी ३६ अंशांच्या आसपास राहते, पण घाम सुकत नाही. माणसाला सुरतेचा उन्हाळा अनेकदा अधिक असह्य वाटतो, कारण शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि दमट हवेत ते बाष्पीभवन मंदावते. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याची उष्णता धातूच्या पात्यांतून थेट हवेत जाते आणि त्या देवाणघेवाणीत हवेचे साधे तापमानच निर्णायक असते, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी भुसावळचे यंत्र डिंडोलीतल्या तशाच यंत्रापेक्षा अधिक तापलेले असणार, मालकांचा अनुभव काहीही सांगो. पाण्याच्या कूलरचा हिशेब मात्र दमटपणाने खरोखर बदलतो: खानदेशात जो कूलर खोलीची हवा चांगलीच उतरवतो, तो सुरतेत ती फारशी उतरवू शकत नाही, वर यंत्राजवळ ओल वाढवतो, ती वेगळीच.

खोलीच्या हवेचा परिणाम किती होतो, हे साध्या गुणाकाराने कळते. एखादा प्रोसेसर भर कामात ६५ वॉट उष्णता बाहेर टाकत आहे आणि त्यावरची शीतन-व्यवस्था दर वॉटमागे ०.६ अंश वाढ होऊ देते असे धरले, तर प्रोसेसर खोलीपेक्षा ३९ अंशांनी वर राहील. खोली २५ अंशांवर असताना तो ६४ आणि खोली ३८ वर गेली की ७७ दाखवील. दोन्ही वेळा यंत्राची प्रकृती सारखीच आहे. याच गणितातून आणखी एक समजूत गळून पडते, ती म्हणजे प्रोसेसरवर मोठा कूलर बसवल्याने खोली कमी तापेल ही. प्रोसेसरचे तापमान उतरले तरी खोलीत येणारी उष्णता तेवढ्याच वॉटची राहते, ती केवळ अधिक सहजपणे बाहेर पडते.

डिंडोलीच्या आसपासच्या परिसराचा खरा प्रश्न हवामानापेक्षा तंतूंचा आहे. यंत्रमागाच्या आणि भरतकामाच्या कारखान्यांत, ज्यांना सुरतेत खाते म्हणण्याची रीत आहे, सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, आणि त्यांत यंत्राच्या तेलाचा अंश मिसळला की ते हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, तोंडाशी गोधडीसारखा थर धरतात. हा थर पंख्याच्या मागे दडलेला असल्याने वरून दिसत नाही; पंखा फिरत असतो, आवाजही नेहमीपेक्षा मोठा येतो, आणि पंखा चालू आहे म्हणजे हवा जात आहे असा समज होतो, जो चुकीचा आहे. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावण्याचा सर्वत्र केला जाणारा उपाय दोन दिवस आकडा उतरवतो खरा, पण तोच पंखा अधिक तंतू आत लोटतो. यंत्र बंद करून, पंखा काढून, आतला थर पात्यांवरून उचलणे हाच उपाय आहे. ब्लोअर वापरायचा तर पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत, नाहीतर ती बेसुमार वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधल्या थर्मल पेस्टविषयी एवढेच पुरे की तिचे काम दोन पृष्ठभागांमधली सूक्ष्म हवा हटवण्याचे आहे. ती हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापेक्षा फारच वाईट वाहक असल्याने जाड थाप मारण्याने नुकसान होते.

प्रत्येक १० अंशांच्या वाढीने आयुष्य निम्मे होते, हा नियमही सरसकट सांगितला जातो. तो विजेच्या पुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांना स्थूलमानाने लागू पडतो. प्रोसेसरच्या झिजेत तापमानाबरोबर व्होल्टेज आणि विद्युतप्रवाहाचाही वाटा असतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत २०२४ मध्ये जी अस्थिरता गाजली, तिचे मूळ कंपनीने वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांखाली झिजणाऱ्या एका मंडलात असल्याचे सांगितले आणि उपाय म्हणून मागितले जाणारे व्होल्टेज आवरणारी सुधारणा दिली, ज्यात नवा पंखा बसवण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा नोंद ठेवायची ती एकट्या आकड्याची नव्हे, प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकाची. तेच पंचिंगचे किंवा रेंडरिंगचे काम पंधरा-वीस मिनिटे चालवून, प्रोसेसरचे तापमान, गती आणि कॅबिनेटजवळच्या साध्या थर्मामीटरवरचे खोलीचे तापमान ही तीन मूल्ये वहीत लिहिली, आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर ४० अंशांचा असलेला फरक मे महिन्यात तेवढ्याच कामाला आणि तेवढ्याच गतीला ५५ वर गेलेला दिसला, तर वाढलेले १५ अंश उन्हाचे नाहीत. ते पात्यांवर किंवा पेस्टमध्ये शोधावे लागतात.