आपली बंडी आपण विणूया

जाळीदार टोपी, दारावरचे तोरण, टेबलावरचा रुमाल अशा क्रोशाच्या वस्तू तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्या घरी या विणकामाला करोशिया म्हणत असतील. मूळ शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहानसा आकडा. याच आकड्याच्या सुईने स्वतःसाठी लोकरीची बंडीही विणता येते.

मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर कापडासाठी उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे लागतात. क्रोशाला एकच धागा पुरतो. एका फासातून दुसरा फास ओढत गेले की वीण तयार होते. या फासांमध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगातील ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बंडीला टोपीसारखी जाळी नको, दाट वीण हवी.

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्यावी. दुकानात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. तो धुवायला सोपा, पण आगीजवळ वितळतो, शेकोटीपाशी जपावे. लागेल तेवढी लोकर एकदमच आणावी. नंतर आणलेल्या लोकरीचा रंग थोडा वेगळा निघू शकतो.

आता मुख्य टाका, म्हणजे खांब. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या. सुई टाक्यात घालून धागा ओढा. सुईवर तीन फास होतील. दोन फासांतून धागा काढा, पुन्हा दोन फासांतून काढा. झाला खांब.

लगेच बंडी सुरू करू नका. आधी नमुन्याचा एक चौकोन विणा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती खांब बसतात ते मोजा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळी बंडी त्यावरच अवलंबून आहे. समजा, १४ खांब बसले. तुमची छाती ८० सेंटिमीटर आहे. तिच्या निम्मे ४० आणि सैलपणासाठी ४, म्हणजे एक भाग ४४ सेंटिमीटर रुंद हवा. त्याला सुमारे ६२ खांब लागतील. पण तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब बसत असतील, तर त्याच ६२ खांबांचा भाग ३९ सेंटिमीटरही भरणार नाही. दोन्ही भाग जोडले तरी बंडी छातीपेक्षा लहान होईल आणि कित्येक दिवसांची मेहनत उसवावी लागेल.

६२ खांबांसाठी ६४ साखळ्या घाला. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घाला. सुटलेल्या तीन साखळ्या म्हणजे एक खांबच समजायचा. पुढची प्रत्येक ओळ तीन साखळ्यांनी सुरू होते. ओळीच्या शेवटी याच साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायचा राहून जातो आणि कडा आत येऊ लागते. म्हणून दर ओळीला खांब मोजावेत.

खांद्यापासून कमरेखालपर्यंत उंचीचे असे दोन सारखे भाग विणा. वरच्या कडेला मधे गळ्यासाठी सुमारे २२ सेंटिमीटर जागा सोडून दोन्ही खांदे शिवा. बाजू शिवताना हातांसाठी सुमारे २० सेंटिमीटर उघडे ठेवा. पुढच्या वर्षी उंची वाढली, तर खालच्या कडेला आणखी चार ओळी घालता येतात.