वेबसाइट बनवता येते, आता पुढे काय?

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र कपाटात गेले. एचटीएमएल आणि सीएसएस शिकून झाले. मामूंच्या फर्निचरच्या दुकानाची छोटीशी वेबसाइट बनवली, घरातल्या सगळ्यांनी ती मोबाइलवर पाहून माशाअल्लाह म्हटले. आता पुढे काय शिकायचे? जुन्या नाशकात, वडाळा रोडच्या फ्लॅटमध्ये, देवळालीत, नाशिकरोडला, अनेक घरांत हा प्रश्न सध्या दस्तरख्वानावर बसल्यावर निघतो. मुलगी एक नाव सांगते, क्लासवाले दुसरे सांगतात आणि पुण्याला नोकरी करणारा चुलतभाऊ फोनवर तिसरेच सांगतो.

क्लासच्या पत्रकावर फुल स्टॅक, रिअ‍ॅक्ट, नोड, अँग्युलर, पायथन, यूआय-यूएक्स, डेटा सायन्स आणि आता सगळ्यांत वर एआय. अब्बांना यातले एकही नाव ओळखीचे नसते. फीचा आकडा मात्र लगेच कळतो. तो जड वाटतोय असे दिसले की समोरचा माणूस हप्त्यांचा कागद पुढे करतो. इथे जरा थांबावे. हा हप्ता पुष्कळदा क्लासचा नसून एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. मुलाने क्लास मध्येच सोडला तरी कर्ज सुटत नाही. ‘नो कॉस्ट’ म्हणजे सूद नाहीच, असे सांगितले जाते. पण रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात नसतो. ते प्रक्रिया शुल्कात किंवा दुसरीकडे कुठेतरी दडवलेले असते. ते बजावणे वस्तूंच्या खरेदीबद्दल होते, पण हिशोब तोच. सूद टाळणाऱ्या घराने करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, आणि फी टप्प्याटप्प्याने थेट क्लासलाच देता येईल का, हे स्वतःहून विचारावे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आमचे म्हणणे असे की यादीतली नावे वाचून हा निर्णय होणारच नाही. नावे येतात आणि जातात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वेब डिझाइन म्हणजे फ्लॅश, असे मानणारे पुष्कळ होते. हलती चित्रे, उघडझाप करणारी बटणे, सगळे त्यात व्हायचे. 31 डिसेंबर 2020 रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश कायमचे बंद केले. ज्यांना फक्त तेवढेच येत होते, त्यांच्या हाती प्रमाणपत्र राहिले. पण 1990 च्या दशकात आलेले एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट आजही प्रत्येक पानाच्या मुळाशी आहेत. रिअ‍ॅक्ट 2013 मध्ये बाहेर आले. त्याला आज मागणी आहे हे खरे, पण ते जावास्क्रिप्टवर उभे आहे. जावास्क्रिप्ट कच्चे ठेवून रिअ‍ॅक्टच्या क्लासला जाणे म्हणजे कायदा पुरा न करता सिपारा उघडणे. पाठ होईल, वाचता येणार नाही.

मग निवड कशावरून करायची? कामावरून. आपल्याला कोणासाठी काय बनवायचे आहे, हे ठरले की पुढची पायरी आपोआप दिसते. याचा एक चांगला दाखला नाशिकचाच आहे.

2003 च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा जीव गेला. पुढच्या, 2015 च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे, अमेरिकेत एमआयटीत असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. शहराच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधायचे, अशी त्याची कल्पना. त्यात निलय कुलकर्णी हा शाळकरी वयाचा मुलगा होता. गर्दी किती झाली हे वेळेत कसे कळेल, एवढा एकच प्रश्न त्याने आणि त्याच्या साथीदारांनी धरला. त्यातून जमिनीवर अंथरायची एक चटई तयार झाली. तिच्यावर पडणारी पावले मोजली जातात आणि आकडा बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचतो. ‘आशिओतो’ हे तिचे नाव, जपानीत त्याचा अर्थ पाऊल वाजल्याचा आवाज. पुढे टेडच्या व्यासपीठावर निलयने ही हकीकत जगाला सांगितली. अशा यंत्राला काय काय लागते ते पाहा: दाब ओळखणारे सेन्सर, त्यांचे इशारे वाचणारा प्रोग्राम, आकडे साठवणारा सर्व्हर, ते दाखवणारा पडदा. एकाच क्लासच्या पत्रकावर हे सगळे सापडणे अवघड, आणि सापडले तरी कशासाठी शिकायचे ते कळले नसते.

प्रत्येकाला चटई बनवायची नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीसाठी नमाजांच्या वेळा दाखवणारे पान बनवायला घ्या. दिसायला सोपे काम आहे, करायला घेतले की कळते किती खोल आहे ते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरली आहे आणि नाशिक साधारण पावणेचौऱ्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य नाशिकच्या डोक्यावर घड्याळातल्या बारापेक्षा सरासरी 35 मिनिटे उशिरा येतो. त्यातही वर्षभरात पाव तासाचा मागेपुढे फरक पडतो. जोहरची वेळ काढायला हे गणित प्रोग्रामला शिकवावे लागते. असरला आणखी एक पेच. दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. कोकणातून आलेली कुटुंबे बहुतेक शाफई, शेजारचे घर हनफी. म्हणजे पानावर निवड ठेवावी लागेल आणि ती लक्षातही ठेवावी लागेल. इथवर जावास्क्रिप्टचा निम्मा अभ्यास झाला.

पुढे जमातीच्या वेळा. त्या सूर्यावरून निघत नाहीत, मशिदीची कमिटी ठरवते आणि ऋतूप्रमाणे बदलते. बदल करण्यासाठी दर वेळी तुम्हाला फोन येऊ नये, तर मुअज्जिन साहेबांना स्वतः वेळ टाकता यायला हवी. म्हणजे डेटाबेस आला, एसक्यूएल आले. दुसऱ्या कोणी वेळा बदलू नयेत म्हणून पासवर्ड आला, आणि तो पासवर्ड उघडा साठवायचा नसतो हे शिकणे आले. रमजानमध्ये सहरीच्या वेळी सगळा मोहल्ला एकदम पान उघडेल, तेही स्वस्त फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवर. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मंद इंटरनेट मुद्दाम लावून पान किती वेळात उघडते ते तपासता येते. ते एकदा करून पाहिले की मोठमोठी चित्रे टाकायची सवय आपोआप सुटते. नोकरीच्या मुलाखतीत हे एक पान दाखवून त्यावर अर्धा तास बोलता येईल. दहा प्रमाणपत्रांवर एवढे बोलता येत नाही.

आणि हे पान मराठीत, उर्दूत दोन्हींत हवे. आमच्या मते आपल्या मुलांचा खरा फायदा इथे आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

उर्दूच्या जगात हे स्थित्यंतर एकदा होऊन गेले आहे. कातिब हाताने नस्तालीक लिहीत, त्यावरून वृत्तपत्र छापले जाई. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून घडवलेली नूरी नस्तालीक लाहोरच्या ‘जंग’मध्ये आली आणि 1990 च्या दशकात दिल्लीत तयार झालेले ‘इनपेज’ गावोगावच्या छापखान्यांत पोहोचले. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या उर्दूच्या गावात तर त्याशिवाय काम होईना. कौमी कौन्सिलच्या केंद्रांतला एक वर्षाचा संगणक आणि डीटीपीचा डिप्लोमाही याच काळाची देणगी. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतली अक्षरे युनिकोड नव्हती. मजकूर थेट वेबसाइटवर टाकता येत नसे, म्हणून उर्दूची पाने वर्षानुवर्षे चित्र म्हणून चढवली गेली. चित्रातला शब्द शोधता येत नाही, अंध माणसाचा फोन तो वाचूनही दाखवू शकत नाही. मराठीतही जुन्या फाँटमधल्या फायलींची हीच कथा आहे.

आज नस्तालीकचे चांगले युनिकोड फाँट मोफत मिळतात, पण ते हाताळणारे हात कमी आहेत. नस्तालीक उतरत्या चालीने लिहिली जाते. इंग्रजीच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवले तर वरचे नुक्ते आणि खालच्या वेलांट्या कापल्या जातात. अक्षरांमध्ये जागा वाढवली की उर्दूतली जोडाक्षरे तुटतात, मराठीची शिरोरेषा तुटते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत फोन नंबर आला की त्यातले अधिक चिन्ह उडी मारून भलत्या टोकाला बसते. पानाची दिशा उलटी केली की मेनू, बाण, रिकाम्या जागा, सगळेच उलटावे लागते. म्हणून आता सीएसएसमध्ये ‘डावे-उजवे’ न लिहिता ‘ओळीची सुरुवात’ आणि ‘ओळीचा शेवट’ असे लिहायची सोय आहे. हे सगळे चार-सहा आठवड्यांत शिकण्यासारखे आहे. आणि हेच ज्ञान अरबीलाही लागू पडते. दुबई, मस्कत, जेद्दाहच्या कंपन्यांना इंग्रजीबरोबर अरबी पान लागते. ज्याला पानावर काय लिहिले आहे ते निदान वाचता येते, त्याची चूक इतरांपेक्षा लवकर सापडते.

आता नाशकातले रोजचे काम. इथली गिऱ्हाइके म्हणजे सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्ष आणि कांद्याचे व्यापारी, येवल्याची पैठणी विकणारे, दवाखाने, शाळा, हॉटेले. यांना बहुतेक वर्डप्रेस पुरते. जगातल्या पाचांपैकी दोन वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत आणि ते पीएचपीत लिहिलेले आहे. पीएचपीला जुनाट म्हणून नाके मुरडणारे भेटतील. इथल्या रोजीचा विचार करता आम्ही त्यांचे ऐकणार नाही. पुण्या-मुंबईच्या नोकरीवर डोळा असेल तर मात्र जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट, एसक्यूएल आणि गिट. ज्याला चित्र-रंगात रस नाही, पण यंत्र बंद का पडले हे शोधायला आवडते, त्याने लिनक्स आणि सर्व्हरकडे वळावे. वेबसाइट बनवण्याइतकेच ती चालू ठेवणेही काम आहे, आणि सातपूरमध्ये ईएसडीएससारख्या नाशिकच्याच कंपनीचे डेटा सेंटर उभे आहे.

नाशकात आणखी एक गिऱ्हाईक येते: वाइनरी. 1999 मध्ये सुला सुरू झाल्यापासून शहराची ओळखच बदलली, आणि पर्यटनाच्या वेबसाइटचे काम त्याच दिशेने पुष्कळ येते. दारूच्या जाहिरातीला हातभार लावणे जायज नाही, हे आपल्या घरात समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती मधल्या कामांत. द्राक्षबागायतदाराची वेबसाइट? बार असलेल्या हॉटेलची? कंपनीत नोकरी करताना साहेबांनी दिलेले काम? आपल्या आलिमांना विचारा, पण विचारताना काम नेमके काय आहे ते सांगा. नुसते ‘कॉम्प्युटरचे काम’ म्हणून विचारले तर जवाबही तसाच मोघम येणार. आमचा व्यवहारी सल्ला एवढाच, की ही हद्द पहिले गिऱ्हाईक येण्याआधी ठरवावी. हातात आगाऊ रक्कम पडल्यावर मशवरा करणे कठीण जाते.

एआयबद्दल फार लिहीत नाही. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून दुकानाचे साधे पान यंत्र चार मिनिटांत लिहून देते, त्यामुळे तेवढ्यावर पोट भरायचे दिवस गेले. पण त्याने लिहिलेल्या कोडमध्ये पासवर्ड उघडा पडलाय की नाही, असर चुकीच्या मसलकाची दाखवतेय की नाही, हे ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून मुळापासून शिकणे आता कमी नाही, जास्त गरजेचे झाले आहे.

शिकायला पैसे लागतातच असे नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत, छोटे आणि मोफत. ‘फ्रीकोडकॅम्प’ मोफत आहे. पदवी हवी असेल तर गोवर्धनचे मुक्त विद्यापीठ दाराशी आहे. ज्याला एकट्याने बसवत नाही, त्याने क्लास जरूर लावावा, पण आधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्याने बनवलेले एक चालू पान दाखवायला सांगावे.

मोफत धड्यांनाही एक गोष्ट लागते, ती घराने द्यायची असते. मुलीला ‘घरबसल्या काम’ म्हणून हे क्षेत्र सुचवले जाते आणि मग लॅपटॉप भावाकडे असतो, ती मोबाइलवर शिकत असते. मोबाइलवर कोड लिहून कोणी प्रोग्रामर होत नाही. सेकंडहँड लॅपटॉप चालेल. रॅम निदान आठ जीबी आणि एसएसडी बघून घ्या. त्यावर तिचे नाव असू द्या, आणि मगरिब ते इशाच्या मधला वेळ नाही, तर सकाळचे सलग दोन तास तिला द्या, ज्यात दाराची बेल वाजली तर उठायचे काम दुसऱ्याचे.