पेपरमिंटचं तेल, निळी बाटली आणि एक पेढी

बुधवार पेठेत तुळशीबाग-मंडईच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि ‘पुदिन्याचं फूल द्या’ म्हणा. कागदाच्या पुडीत काचेच्या सुयांसारखे खडे मिळतील. नावात फूल असलं तरी ते आहे मेंथॉल. त्यात कापूर आणि ओव्याचं फूल घालून बाटली बंद करा. पाण्याचा थेंब न घालता तिन्ही विरघळून पातळ होतात. हीच आपल्या आजीची अमृतधारा.

आता एक प्रश्न. पुडीवर नाव नाही, छाप नाही. माल अस्सल आहे हे कशावरून? आपण दुकानदाराला ओळखतो, एवढंच. पण गिऱ्हाईक समुद्रापलीकडे असेल तर?

नेमकी हीच अडचण हायरम हॉचकिस या अमेरिकन व्यापाऱ्याला आली. न्यूयॉर्क राज्यात, लायन्स गावाच्या आसपासचे शेतकरी पेपरमिंट लावायचे. कापलेला पाला थोडा सुकवून मोठ्या लाकडी पिंपात दाबायचा, खालून वाफ सोडायची. ती वाफ थंड नळीतून गेली की पाणी आणि तेल होऊन बाहेर येते, आणि तेल हलकं म्हणून वर तरंगतं. शेतकरी दुकानातल्या मालाच्या बदल्यात हॉचकिसला हे तेल द्यायचे. तेल साठलं, पण न्यूयॉर्कचे दलाल घेईनात. अमेरिकन तेलात भेसळ असते, असा बाजारात बोभाटा होता (आणि तो खोटाही नव्हता).

मग त्याने तेल बाटल्यांत भरून थेट जर्मनीत हॅम्बुर्गला पाठवलं. तिथून शुद्धतेची पावती आली आणि मागणीही. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. पुढे निळ्या काचेच्या बाटलीवरच्या लेबलवर अशी पदकं छापलेली असायची. माझ्या मते हॉचकिसने तेलापेक्षा हे लेबलच जास्त विकलं. शेतकऱ्याचं तेल, पण शब्द हॉचकिसचा.

पेढीची इमारत लायन्समध्ये इरी कालव्याच्या काठी. पुढे पेपरमिंटची शेती मिशिगनकडे आणि मग आणखी पश्चिमेला सरकली. गावाभोवतीची शेतं गेली, तरी धंदा कित्येक वर्षं तग धरून होता. १९८२ मध्ये कंपनी विकली गेली, १९९० मध्ये लायन्समधलं काम थांबलं. आज त्याच इमारतीत संग्रहालय आहे, आणि गावात दर जुलैला पेपरमिंटचा उत्सव भरतो.

आणि मेंथॉल? ते आता आपल्याकडचं. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात जपानी पुदिन्याची शेती होते. ही पेपरमिंटची चुलत बहीण. चव जरा भरड, पण तेलात मेंथॉल खूप जास्त, ७० ते ८० टक्के. म्हणून भारत या तेलात जगात पहिला. ‘मेंथा ऑइल’चे सौदे एमसीएक्सवर होतात, ट्रेडिंग अ‍ॅपवाल्यांनी नाव पाहिलं असेल. तिथे निळी बाटली नाही, नमुना तपासून प्रत ठरते.

परत पेठेत येऊ. इथे भाऊसाहेब लक्ष्मण जावळे यांचा वाडा जपलाय. शालू रंगवण्याचा घरचा धंदा, म्हणून लोक त्यांना म्हणायचे भाऊ रंगारी. ते वैद्यही होते. आज वाड्याची ओळख आहे ती १८९२ च्या सार्वजनिक गणपतीमुळे, आणि ती हक्काचीच. पण शालूला कुठला रंग चढायचा, तो कशापासून काढायचे, मजुरी किती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? धंदा टोपणनावात उरला.

तुमच्या घराण्याचं पेठेत जुनं दुकान असेल, तर माळ्यावरच्या चोपड्या, लेबलं, बाटल्या यांचे फोटो काढा. वाडा रिडेव्हलपमेंटला जायच्या आधी. आणि फोटो काढताना आजोबांना विचारा, माल कुठून यायचा आणि भेसळ कशी ओळखायचे. ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.